बाजाराला गाडीतळ हवा, बसमार्ग नको

शहरदर्शनाच्या बसमार्गात दक्षिण मुंबईच्या बाजारपेठा घ्याव्यात की नाहीत, हा वाद अधूनमधून उठतो आणि दर वेळी त्याच दोन बाजूंनी भांडला जातो. एक बाजू म्हणते, क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास मार्केट, झवेरी बाजार, भुलेश्वर ही या शहराची खरी ओळख आहे. पाहुण्याला नुसतं गेटवे आणि मरीन ड्राइव्ह दाखवून परत पाठवणं म्हणजे दिवाणखान्यात चहा पाजून निरोप देणं. दुसरी बाजू म्हणते, तिथे माणसाला पाय ठेवायला जागा नाही, तुम्ही बस कुठून घालणार? आणि घाम गाळणाऱ्या माणसांकडे काचेआडून बघायला ती काय राणीच्या बागेतली जनावरं आहेत? दोन्ही बाजूंचं निम्मं म्हणणं खरं आहे. पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता धरून ठेवली आहे, ती म्हणजे बाजार दाखवायचा तर बस बाजारातून न्यायची. चूक तिथे आहे. बस बाजारापर्यंत यावी, बाजारात शिरू नये. आपल्या आठवडी बाजारांना गावाच्या कडेला गाडीतळ असायचा. गाडी तिथे सोडायची, बैलांपुढे वैरण टाकायची आणि पिशवी खांद्याला लावून पायी बाजारात जायचं. मुंबईच्या पेठांनाही तसा गाडीतळ हवा. तिथून पुढे दहा-बारा जणांच्या टोळीनं, बाजाराच्या वेळा सांभाळून चालत जायला हवं.

आधी बसचंच गणित बघू. मोठी बस १२ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद असते. वळताना तिच्या बाहेरच्या चाकाला जवळपास १२ मीटरची त्रिज्या लागते. झवेरी बाजारच्या शेख मेमन स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्या, त्यांच्यापुढे फेरीवाल्यांच्या पाट्या, मग उभ्या स्कूटरी आणि मधून चाललेली हातगाडी असते. उरलेल्या पट्ट्यातून एखादा टेम्पो जेमतेम सरकतो. वरून उघडी दुमजली बस असेल, तर साडेतीन-चार मीटर उंचीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याशी लोंबत्या केबली येतात, पावसाळ्यात दुकानांपुढच्या ताडपत्र्या येतात. म्हणून ‘बाजारपेठ दर्शन’ असं तिकिटावर लिहिलं, तरी बस प्रत्यक्षात मोठ्या रस्त्यानं कडेकडेनं जाणार आणि पेठ डाव्या-उजव्या खिडकीतून ‘झाली’ म्हणून सांगितली जाणार.

वेगाचंही तेच. ताशी १० किलोमीटरनं चाललेली बस १०० मीटर ३६ सेकंदांत ओलांडते. क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली पुरं झालं, विल्यम एमर्सननं त्याचा आराखडा केला, मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं नाव त्याला मिळालं, पुढे ते महात्मा जोतिबा फुले मंडई झालं, एवढं सांगेपर्यंत बस पुढच्या सिग्नलला असते. सिग्नल मिळाला नाही, तर उलट होतं. निवेदन संपलेलं आणि दहा मिनिटं समोर तीच एक भिंत. प्रवेशदारांवर लॉकवुड किपलिंगनं कोरून घेतलेली शेतकऱ्यांची शिल्पं आहेत. ती नीट दिसतात दाराखाली उभं राहून मान वर केल्यावर. आतलं कारंजं तर बसमधून दिसण्याचा प्रश्नच नाही.

मुंबईनं हा प्रश्न एकदा सोडवलेला आहे, हे वादात कुणाला आठवत नाही. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा तिचा एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जायचा. शहरातली पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली, अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. पहिल्याच बसचं शेवटचं ठिकाण मंडईचं दार होतं. लोक तिथे उतरून पेठेत चालत गेले. मंडईची जागाही तेच सांगते. ती बांधली गेली तेव्हा फोर्टाची तटबंदी नुकतीच पाडली गेली होती. एका अंगाला इंग्रजांचा फोर्ट आणि दुसऱ्या अंगाला दाट वस्तीचं देशी शहर, या दोहोंच्या सांध्यावर मंडई उभी राहिली. तिथून दक्षिणेला रुंद रस्ते आहेत, उत्तरेला गल्ल्या. म्हणजे गाडीतळाची जागा दीडशे वर्षांपूर्वीच ठरलेली आहे.

याच्या उलट धडा २००२ साली मिळाला. जे. जे. उड्डाणपूल झाला आणि क्रॉफर्ड मार्केटपासून जे. जे. रुग्णालयापर्यंतचा रस्ता मोहम्मद अली रोडच्या डोक्यावरून गेला. वाहतुकीला त्याचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण त्या पुलावरून रोज जाणाऱ्याला खालची पेठ किती कळते? दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे आणि मिनारांची टोकं. बाजारावरून जाणं आणि बाजारात जाणं यांतलं अंतर ज्यांना त्या पुलानं पटवलं नाही, त्यांना खिडकीतलं ‘दर्शन’ पुरेसं वाटत असेल.

बसमधून जे निसटतं, त्याचे दोन नमुने जवळून बघण्यासारखे आहेत. पहिला झारेकऱ्यांचा. झवेरी बाजारात शटर उघडण्याआधी, पहाटे, काही माणसं केरसुण्या आणि बारीक कुंचले घेऊन कारखान्यांसमोरचा रस्ता, पायऱ्यांचे कोपरे आणि गटारांची कड झाडत असतात. कानस मारताना, पॉलिश करताना उडालेले सोन्याचे कण कारागिराच्या कपड्यांना, तळव्यांना आणि हात धुतलेल्या पाण्याला लागून बाहेर आलेले असतात. तो केर परातीत घ्यायचा आणि पाण्याखाली हलवत राहायचा. माती पाण्याच्या जेमतेम अडीचपट जड, ती कडेनं वाहून जाते. सोनं पाण्याच्या १९ पट जड, ते तळाशी बसतं. उरलेल्या काळ्या गाळातून पारा किंवा तेजाब वापरून सोनं वेगळं काढायचं. पारा तापवून उडवताना निघणारी वाफ फुप्फुसात जाते, ही या धंद्याची काळी बाजू. लाखोंच्या उलाढालीखाली चालणारं हे काम पाहिल्यावर झवेरी बाजार जसा कळतो, तसा शोकेसमधले हार बघून कळत नाही. दुसरा नमुना जामा मशिदीचा. मंगलदास मार्केटच्या शेजारीच ती आहे. रस्त्यावरून ती चारचौघा मशिदींसारखी दिसते. पण ती उभी आहे एका तळ्यावर. काळ्या दगडाच्या कमानींनी वरची इमारत पेलली आहे, खाली पाणी आहे आणि पाण्यात मासे. त्या गजबजाटात पायाखाली तळं आहे, हे आत जाण्याची रीतसर परवानगी घेऊन पायऱ्यांशी उभं राहिल्याशिवाय कुणाला समजणार?

बसच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो डावलता येत नाही. सत्तरीतली आजी, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले काका, चाकाच्या खुर्चीवरची व्यक्ती, कडेवर मूल असलेली बाई, यांनी भुलेश्वरच्या गल्लीत कसं चालायचं? नांदेडहून, सोलापुरातून एका दिवसासाठी मुंबई बघायला आलेल्या कुटुंबाला चार तासांत सगळं उरकायचं असतं. ‘पायी चला’ असं सांगणं म्हणजे यांना वगळणं होत नाही का? होतं, जर पायी चालणं म्हणजे सगळी पेठ पालथी घालणं असेल तर. पण मंडईच्या इमारतीत फळांचा भाग बहुतेक सपाट आहे, डोक्यावर छप्पर आहे, दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढ्या वाटा आहेत. बस दाराशी थांबली, तर दोनशे मीटरच्या फेरीत फळं, मसाले, कारंजं आणि शिल्पं सगळं होतं. ज्यांना जमेल ते पुढे गल्लीत जातील, बाकीचे तिथे अर्धा तास बसतील. त्यासाठी पाठ टेकता येणारी चार बाकं आणि एक स्वच्छ स्वच्छतागृह लागेल. ते झालं, तर त्याचा उपयोग आधी मंडईत दिवसभर बसणाऱ्या विक्रेत्या बायकांना होईल. बसच्या खिडकीनं त्या आजींना आजवर जे दाखवलं, त्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे.

दुसरा मुद्दा धंद्याचा. पर्यटक आले, तर दुकानदारांचा फायदाच, मग तक्रार कसली? इथे बाजार म्हणजे एकच एक वस्तू आहे असं मानण्याची चूक होते. मूळजी जेठा मार्केटमधला कापडाचा व्यवहार प्रामुख्यानं ताक्यांचा आणि गासड्यांचा, म्हणजे घाऊक. तिथल्या पेढीवर बसलेल्या माणसाला अर्धा मीटर कापड मागणाऱ्या पाहुण्याचा काही उपयोग नाही. मंगलदासमध्ये मात्र सुटं कापड मिळतं. लोहार चाळीत दिव्यांच्या माळा किरकोळ मिळतील, पण नागदेवीत पाण्याचा पंप बघायला आलेला पर्यटक कारागिराचा वेळ तेवढा घेईल. क्रॉफर्ड मार्केटमधून फळांचा घाऊक व्यापार १९९६ मध्ये नवी मुंबईला गेला. तिथल्या गाळेवाल्यांना किरकोळ गिऱ्हाईक हवंच आहे. म्हणजे फायदा होतो, पण ठरावीक ठिकाणी, आणि तोही बसमधून उतरलेल्या माणसापासूनच. खिडकीतून जाणारा माणूस बाजाराला धूर आणि हॉर्न देऊन जातो.

आपल्याकडे बाजार बघण्याची एक जुनी रीत आहे, तिचं नाव बस्ता. लग्न ठरलं, की दोन्हीकडची मिळून दहा-बारा माणसं कापडबाजारात येतात. गादीवर बसतात, चहा होतो, शालू उलगडले जातात, जरीवरून बोट फिरतं, सूत बघायला कापड उजेडात धरलं जातं, भावावरून दोनदा उठून जायचं नाटक होतं आणि मग मानपानाच्या साड्यांपासून टॉवेल-टोपीपर्यंत सगळं बांधून होतं. या दीड-दोन तासांत घरातल्या सगळ्यांत धाकट्या मुलीलाही पैठणीचा काठ आणि पदर कसा ओळखायचा ते कळतं. बाजाराला या टोळीचा त्रास होत नाही. दुकानाची रचनाच तेवढ्या माणसांसाठी असते. बारा माणसं दोन-दोनच्या रांगेत चालली, तर सहा-सात मीटर जागा घेतात, म्हणजे दोन-तीन दुकानांचं तोंड. चाळीस माणसं एकामागे एक चालली, की रांग चाळीस मीटरची होते. पुढचा माणूस थांबला, की मागचे तीस जण कुठल्या तरी दुकानदाराच्या गिऱ्हाइकाची वाट अडवून उभे. टोळीचा आकडा ठरवायला सल्लागार नेमायची गरज नाही, बस्त्यानं तो केव्हाच ठरवला आहे.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. माणसांचं प्रदर्शन मांडणं चूक आहे, हे शंभर टक्के मान्य. एकोणिसाव्या शतकात परदेशी प्रवासी फोर्टातून घोडागाडीत बसून ‘नेटिव्ह टाउन’ बघायला निघत आणि गाडीतून न उतरता परतत. आज उंच बसच्या काचेआडून मोबाइल रोखणारा प्रवासी त्याच आसनावर बसलेला आहे, भले तो ठाण्याचा किंवा पुण्याचा असो. पण अपमान नेमका कशात आहे? बघण्यात की बघण्याच्या जागेत? उंची, काच आणि वेग या तीन गोष्टी काढून घ्या. समोरासमोर उभा राहून ‘ही मिरची कुठली, ब्याडगी का लवंगी?’ असं विचारणारा आणि पावशेर घेऊन जाणारा माणूस हे गिऱ्हाईक असतं, आणि गिऱ्हाइकानं बघितल्यावर कुणाचा अपमान होत नाही. ज्यांना पर्यटक अजिबातच नको आहेत, त्यांनी याचाही विचार करावा की परका माणूस वर्ज्य करणारी जागा बाजार उरते का? मुंबादेवीला येणारे भाविक, दागिने घडवणारे बंगाली कारागीर, पेढ्यांवरचे कच्छी आणि मारवाडी, सगळे एकेकाळी इथे परके म्हणूनच आले.

मात्र विरोधकांचा खरा कळीचा मुद्दा त्यांनी स्वतःच नीट मांडलेला नाही. गल्ली तुंबते, तेव्हा किंमत कोण मोजतो? दुकानदार फार तर वैतागतो. हातगाडीवर चार-पाचशे किलोच्या गासड्या घेऊन निघालेल्या हमालाचं मात्र थेट नुकसान होतं, कारण त्याची मजुरी खेपेवर आहे. एका जागी पाच मिनिटं अडकला, दिवसात असा दहा वेळा अडकला, की पन्नास मिनिटं गेली, म्हणजे एखादी-दुसरी खेप गेली. शिवाय थांबलेली भरली गाडी पुन्हा हलवायला जो जोर लागतो, तो चालत्या गाडीला लागत नाही, हे गाडी ओढणाऱ्याच्या पाठीला विचारा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. अनेक मालकांकडे विखुरलेल्या या श्रमांचा हिशोब कुणीतरी ठेवलाच पाहिजे, हे त्यानं मान्य करायला लावलं. पर्यटनाच्या योजनांमध्ये तो हिशोब कुठे आहे? ज्या महात्म्याचं नाव मुंबईच्या आणि पुण्याच्याही मंडईला आहे, त्या जोतीरावांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना मंडईच्या भव्य इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लागावा, असं त्यांचं म्हणणं होतं. शोभा कुणाची आणि भुर्दंड कुणाला, हा त्यांचा प्रश्न या वादात पहिल्यांदा विचारायला हवा होता.

जगात इतरत्र हे प्रश्न भावनेनं न सोडवता आकड्यांनी सोडवले गेले. बार्सिलोनाच्या बोकेरिया मंडईत २०१५ पासून शुक्रवार-शनिवारी गर्दीच्या वेळी १५ किंवा अधिक जणांच्या पर्यटक टोळ्यांना बंदी घातली गेली. व्हेनिसनं २०२४ मध्ये टोळीची मर्यादा २५ केली आणि वाटाड्यांचे भोंगे बंद केले. टोकियोच्या त्सुकिजी मासळीबाजारात टूना माशांचा लिलाव बघायला दिवसाला १२० जणांनाच सोडत. २०१८ मध्ये तो बाजार तोयोसूला हलला आणि बहुतेक पाहुण्यांच्या वाट्याला काचेमागचा सज्जा आला. कामगारांची अडचण संपली, पण बाजाराचा वास आणि आवाज काचेपलीकडे राहिला. आपल्या पेठांना तोयोसूची काच नको, बोकेरियाचा नियम हवा.

आणि वेळ. पर्यटन बसेसचा भर शनिवार-रविवारवर, त्यातही संध्याकाळवर असतो. रविवारी मंगलदास आणि मूळजी जेठा बंद असतात. त्या दिवशी दिसतात ती कुलपं. शनिवारी संध्याकाळी चार ते सात ही माल निघण्याची वेळ, तेव्हा एक जादा माणूसही जड होतो. सकाळी दुकान उघडल्यावरचा पहिला तासही टाळावा. बोहणी झालेली नसते, आणि बोहणीच्या वेळी चार ताके उलगडायला लावून काही न घेता उठणारा माणूस दुकानदाराच्या दिवसभर मनात राहतो. योग्य वेळा दोनच. पहाटे साडेसहा ते साडेआठ, म्हणजे फुलं, झारेकरी आणि मुंबादेवीची सकाळ मिळते. किंवा आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी साडेबारा ते अडीच, जेव्हा हमालांचे डबे उघडलेले असतात आणि गल्लीला जरा श्वास असतो. धनत्रयोदशीचा आठवडा, रमजानचे शेवटचे दहा दिवस आणि लग्नसराईतले शनिवार पूर्ण वगळावेत.

गाडीतळाचंही गणित सांभाळावं लागेल. १२ मीटरची बस जिथे उभी राहते, तिथे दोन मोठे टेम्पो किंवा तीन ‘छोटा हत्ती’, म्हणजे लहान टेम्पो, लागतात. एक टेम्पो रिकामा व्हायला अर्धा तास धरला, तर तासभर थांबलेली एक बस चार ते सहा टेम्पोंना रस्त्याच्या मधोमध उभं राहायला लावते. म्हणून बसनं मंडईच्या दक्षिण अंगाला प्रवासी उतरवून लगेच निघावं, दूरच्या वाहनतळावर थांबावं आणि सव्वा तासानं परत यावं. एका दारानं चाळीस जण उतरायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढीच परवानगी असावी. झवेरी बाजाराकडे तर रिकामं वाहन उभं करण्याचा विचारही करू नये. २५ ऑगस्ट २००३ आणि १३ जुलै २०११ या बॉम्बस्फोटांच्या तारखा तिथल्या माणसांना पाठ आहेत. दुकानांचे आणि कारखान्यांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत, या नियमामागेही तेच कारण आहे. परतीला चालत मंडईपर्यंत यायचं नसेल, तर काळबादेवीला आता मेट्रोचं स्टेशन आहे.

वाटाडे पेठेतलेच असावेत. निवृत्त मुकादम, दलाल, गुमास्ते, कारागिरांची शिकलेली मुलं यांना ही वाट माहीत असते, आणि कुणाच्या पायरीवर दोन मिनिटं उभं राहिलेलं चालतं हेही. भोंगा नको. बारा जणांना साध्या आवाजात सांगितलेलं ऐकू जातं. तिकिटातला ठरलेला वाटा स्वच्छतागृहाला आणि पाण्याच्या टाकीला जावा आणि त्याचा हिशोब मंडईच्या दारावर लावावा.

गल्लीत शिरण्याआधी वाटाड्यानं एक गोष्ट प्रत्येकाकडून करून घ्यावी. हातगाडीला ब्रेक नसतो. पुढचा माणूस टाचा रोवून आणि अंग मागे टाकून ती थांबवतो, मागचा दोरीनं खेचून धरतो, आणि उतारावर तेवढंही जमत नाही. ‘बाजू!’ अशी हाक कानावर पडली, की वळून बघत बसायचं नाही, मोबाइल खाली घ्यायचा, जवळच्या दुकानाच्या पायरीवर चढायचं, पिशवी पोटाशी धरायची आणि गाडीच्या मागे दोरी धरून चाललेला दुसरा माणूस पुढे जाईपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही.